रुन बेटावरून मित्रास पत्र

रुन बेट, बांदा द्वीपसमूह,
नोव्हेंबर महिना

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शेजारच्या बांदा नीरा बेटावरच्या टपाल कचेरीत बरेच दिवस पडून होते. परवा जायफळाची पोती घेऊन गेलेल्या होडीबरोबर ते इथे पोचले. इतक्या दूरच्या आणि इतक्या लहान गावात राहून माणसाचे पुढे काही भले होईल का, असे तू विचारले आहेस. आपल्या आगरात बसून, दोन्ही भावांची मुंबईला गेलेली बिऱ्हाडे डोळ्यांपुढे ठेवूनच तू हे विचारले असणार. म्हणून दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

आधी हे गाव कुठे आहे ते सांगतो. इंडोनेशियातल्या मालुकू प्रांतातील अंबोनपासून आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर बांदाची बेटे आहेत. अंबोनहून मोठ्या जहाजाने बांदा नीराला यायचे आणि तिथून लाकडी होडीने पश्चिमेकडे दोनेक तास जायचे, म्हणजे रुन लागते. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आहे आणि रुंदी एक किलोमीटरही नाही. घरे किनाऱ्यापासून चढावर गेली आहेत आणि घरांच्या मागे लगेच जायफळाची झाडे सुरू होतात. इथे जायफळाला ‘पाला’ म्हणतात. त्या झाडांवर केनारीच्या प्रचंड वृक्षांची सावली असते. आपल्याकडे जायफळ जसे माडापोफळीच्या आडोशाने वाढते, तसेच ते इथे केनारीच्या आडोशाने वाढते. पहिल्या दिवशी त्या सावलीत उभा राहिलो, तेव्हा तुझ्या आगराच्या आठवणीने मला खरोखर गहिवरून आले.

मी ज्यांच्या घरी राहतो, त्या बापांना (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे ‘बापा’ आणि स्त्रीला ‘मामा’ म्हणतात) झाडाखाली उभे राहूनच कोणते फळ उकलले आहे ते कळते. लांब बांबूच्या टोकाला वेताची निमुळती टोपली बांधलेली असते. तिला ‘गाय-गाय’ म्हणतात, आणि ती थेट आपल्या आंब्याच्या झेल्याची बहीण शोभेल. फळ टोपलीत पडले की साल बाजूला करतात, लालभडक जायपत्री अखंड सोडवून वेगळी वाळवतात आणि बी कवचासकट सुकत ठेवतात. कवचात बी खुळखुळू लागले की ते सुकले असे समजतात. सालीचाही मुरंबा होतो, आणि मामांच्या हातचा मुरंबा तुझ्या आईने चाखला असता तर तिने कृती लिहून घेतल्याशिवाय त्यांना सोडले नसते.

या बेटाची एक गोष्ट तू ऐकली असशील. 1616 साली इंग्रज इथे आले आणि डचांच्या वेढ्यात चार वर्षे तग धरून राहिले. 1621 साली डचांचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याने बांदा जिंकताना इथल्या समाजाची जी कत्तल केली, तिच्यात सुमारे पंधरा हजार लोकांतले जेमतेम हजारभर या बेटांवर उरले असे सांगतात. पुढे 1667 साली इंग्रज आणि डच यांच्यात झालेल्या ब्रेडा तहात रुन डचांकडे राहिले आणि आजच्या न्यूयॉर्कमधले मॅनहॅटन इंग्रजांकडे. येणारा प्रत्येक पाहुणा त्या मॅनहॅटनबद्दलच विचारतो, आणि बापाही ते सारे मनापासून सांगतात. मला मात्र या इतिहासातल्या दोन गोष्टी अधिक जवळच्या वाटतात. पहिली अशी की डचांनी इथली झाडे तोडून टाकली होती, म्हणजे आज दिसणारी राई नंतर कोणीतरी पुन्हा उभी केलेली आहे. दुसरी अशी की वेढ्यातल्या इंग्रजांची सर्वांत मोठी अडचण गोड्या पाण्याची होती, आणि चारशे वर्षांनंतरही गावाची अडचण तीच आहे.

बेटावर झरा नाही. पत्र्यावरून पन्हळीने टाकीत उतरेल तेवढेच पाणी. तुझ्या विहिरीला चैत्रात तळ दिसू लागला की घरात जी काळजी पसरते, ती इथे पाऊस थोडा लांबला तरी पसरते. वीज मी आल्यापासून संध्याकाळी येते आणि रात्री जाते. मासे मुबलक मिळतात, पण बर्फावाचून ते टिकत नाहीत, म्हणून मोठा टूना मिळाला तरी त्याचा भाव धरून बसण्याची सोय नाही. शिवाय समुद्र वर्षातून दोनदा खवळतो, एकदा पश्चिमेच्या वाऱ्यात आणि एकदा पूर्वेच्या. आपण नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवतो आणि मग मोकळे होतो. इथे तशी बेगमी वर्षातून दोन वेळा करावी लागते. अशा दिवसांत घरात कोणी आजारी पडले किंवा बाळंतीण अडली तर काय करायचे, या विचाराने मला अनेक रात्री झोप लागलेली नाही.

बापांची थोरली मुलगी अंबोनला शिकते आणि तिला परत यायचे आहे. आईवडिलांचा तिला विरोध नाही, पण इथे तिला काय करता येईल हे त्यांना सुचत नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी तिच्याकडे पाहूनच देतो. या गावाचे पुढे भले होऊ शकेल असे मला मनापासून वाटते. त्यासाठी पहिली निकड माल नीट वाळवण्याची आहे. युरोपातले देश जायफळातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची काटेकोर तपासणी करतात आणि इंडोनेशियाचा माल त्यापायी नाकारला गेलेला आहे. जमिनीवर पसरलेले, पावसात सापडलेले जायफळ व्यापारी पडत्या भावाने उचलतो आणि घरात रोख पैशाची नड असल्यामुळे ते द्यावेच लागते. गावाने मिळून एक चांगले वाळवणघर बांधले, तर तेच जायफळ महिनाभर थांबू शकेल. 2014 च्या ग्रामकायद्यामुळे इंडोनेशियातल्या गावांना केंद्राकडून थेट निधी मिळतो, त्यामुळे हे केवळ स्वप्न आहे असे मी मानत नाही. समुद्रतळाची प्रवाळे पाहायला येणारे पाहुणे वाढत आहेत, त्यांचाही थोडा आधार होईल, परंतु पाहुण्यांच्या आंघोळीला लागणारे पाणी याच टाक्यांतून जाणार आहे, हे विसरून कोणी खोल्या बांधू नयेत.

आता तुझ्याकडे एक काम आहे. इथे सगळी रोपे बीपासून करतात. झाड नर की मादी हे फुलावर येईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षे कळत नाही, आणि निम्मी झाडे नर निघतात. तू मादी झाडाच्या काडीची कलमे बांधतोस हे मी मुलीला सांगितले, तेव्हा तिने वहीच उघडली. काडी कोणत्या महिन्यात काढतोस, खुंटाचे रोप किती वयाचे घेतोस, कलमाला किती दिवस सावलीत ठेवतोस आणि दर किती माद्यांमागे एक नर राखतोस, हे सविस्तर लिही. आपल्याकडे फळे ऐन पावसाळ्यात तयार होतात, तेव्हा तू ती कशी सुकवतोस तेही कळव. इथले लोक मंद धुरावर सुकवतात; उष्णता पंचेचाळीस अंशांच्या वर गेली तर आतली चरबी वितळते, असे मी वाचले आहे. तुझा अनुभव काय आहे?

पत्र मराठीतच लिही, मी तिला समजावून सांगेन. शक्य झाले तर कलमाचा छेद कसा घेतोस त्याचे चित्रही हाताने काढून पाठव. पश्चिमेचे वारे सुरू होण्यापूर्वी ते नीरापर्यंत पोचायला हवे, कारण त्यानंतर होडी कधी सुटेल याचा भरवसा नाही. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
बाळमित्र