दिवाणाखालचा हिरवा दिवा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई "जेवलीस का" विचारते, मी "हो" म्हणते, विषय संपतो. म्हणून सगळं नीट लिहून काढलंय. मंदार प्रिंट काढून आणून देईल. मोबाईलवर वाचत बसू नका, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि आईला काळजी वाटेल अशी वाक्यं मधेच गाळू नका. दादाच्या पत्राच्या वेळी तुम्ही काय केलं होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा गॅलरीतला मोगरा दाखवायला उठले, तेव्हा मोबाईल खाली झुकला आणि दिवाणाखाली एक हिरवा ठिपका दिसला. मी विचारलं तर म्हणालात, "अर्णवचं हॉवरबोर्ड. रोज रात्री झोपताना लावतो चार्जिंगला. पोरगं आलं की लगेच चालवता यायला हवं." अर्णवची ती उभं राहून चालवायची, दोन चाकांची बॅटरीवरची फळी! तेव्हा मी हसले. मग इकडे रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा लागेना.

चूक माझी आहे, हे आधीच सांगते. निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना लक्षात आलं, की एवढी मोठी बॅटरी असलेली वस्तू विमानात नेऊ देत नाहीत. मग अकरा वाजता सुहास ती डहाणूकर कॉलनीत तुमच्याकडे ठेवून आला आणि मी फोनवर म्हणाले, "बाबा, चार्ज करून ठेवा हं." कधी, किती वेळ, कुठे, काही काही सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं काम तुम्ही सोडत नाही हे ठाऊक असून. दोन वर्षं तुम्ही कमरेला पट्टा बांधून, वाकून ती पिन लावताय. मी एकदाही विचारलं नाही.

बाबा, इन्व्हर्टरची बॅटरी तुम्ही जशी सांभाळता तशी सोसायटीत कोणी सांभाळत नाही. डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलला व्हॅसलीन, तारीख घालून खडूची खूण. पण ती शिशाची बॅटरी. ती भरलेली ठेवावी लागते, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं. त्याआधी आपल्या कॉर्डलेस फोनचे निकेल-कॅडमियमचे सेल होते, ते पूर्ण उतरवून मग चार्ज करा म्हणायचे, तेही तुम्ही इमानानं करायचात. हॉवरबोर्डातली लिथियम-आयन बॅटरी या दोघींपेक्षा वेगळी. तिला पार रिकामं राहणं सोसत नाही आणि महिनोन् महिने काठोकाठ भरून राहणंही सोसत नाही. नुसतं ठेवायचं असेल तर अर्ध्याच्या आसपास भरलेली बरी. त्यात आपला हॉल पश्चिमेचा, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला तर तापलेली असते. भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, म्हणजे तिचं म्हातारपण ओढून आणणं.

आणि ते आलंय. तुम्हीच परवा कौतुकानं सांगितलंत, की वरची सई रविवारी पार्किंगमध्ये चालवते, दहा मिनिटांत उतरतं, पण चार्ज मात्र "अर्ध्या तासात होतं बघ!" बाबा, नवीन होतं तेव्हा ते पूर्ण भरायला दोन-अडीच तास घ्यायचं. आता लवकर भरतं, कारण आत मावतंच कमी. घडा लहान झालाय. आणि तो हिरवा दिवा, ज्याच्यावर तुमचा एवढा विश्वास आहे, तो फक्त सांगतो की आता आत करंट फारसा जात नाही. बोर्डातून पिन काढून नुसता चार्जर भिंतीला लावून बघा, तरी हिरवाच लागेल. आतली बॅटरी धडधाकट आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

आता चार्जरबद्दल. जुना बिघडला म्हणून तुम्ही तापकीर गल्लीतून नवा आणलात, "पिन अगदी फिट बसते" म्हणालात. अहो, मला व्होल्टेज म्हणजे काय ते तुम्ही शिकवलंत, गॅलरीतल्या टाकीचा नळ उघडून! आणि तुम्हीच पिन बसली म्हणून चार्जर घेतलात? या बोर्डात बहुतेक वीस सेल असतात, दोन-दोनच्या दहा जोड्या एकीला एक जोडलेल्या. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, जोडीचेही तेवढेच, म्हणजे दहा जोड्या मिळून ४२. चार्जरच्या मागच्या स्टिकरवर आउटपुट ४२ व्होल्टच हवं. तशीच तीन काड्यांची गोल पिन मोठ्या बॅटरीच्या स्कूटरच्या चार्जरलाही असते आणि तो ५४.६ व्होल्ट देतो. आत एक संरक्षक सर्किट असतं, ते अडवतं म्हणे, पण स्वस्तातल्या मालात ते कसं असेल याचा भरवसा काय? भिंग घ्या आणि आकडा बघा. माझ्यावर रागावू नका, मला नुसता आकडा कळवा.

खरी झोप उडाली ती दिवाणामुळे. आई, त्या दिवाणात काय काय आहे ते आठव. आजीच्या लुगड्यांच्या चार गोधड्या, माझ्या बाळंतपणातली दुपटी, पाहुण्यांच्या उशा. खाली रद्दीचे दोन गठ्ठे. आणि वर तुम्ही झोपता! टायफॉइडच्या वेळी मी त्याच दिवाणावर पंधरा दिवस होते. बाबा रात्री उठून फॅन एकवर करायचे, आणि आईला वाटायचं मला घाम येतोय, की ती दोनवर करायची. एक, दोन, एक, दोन. मी डोळे मिटून ऐकत असायचे. ते रेग्युलेटरचं टकटक मला अजून ऐकू येतं.

घाबरवायला म्हणून नाही, पण बाबा "काही होत नाही" म्हणतील म्हणून सांगते. एक सेल आतून शॉर्ट झाला की तो तापतो, त्याच्या तापानं शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. विस्तवाची आग वेगळी, ही आतूनच पेटत जाते आणि तिचा धूर विषारी असतो. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये पाच लाखांवर हॉवरबोर्ड परत मागवले होते. बॅटरी तापल्याच्या, धूर आल्याच्या, पेटल्याच्या नव्व्याण्णव तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी यूएल २२७२ नावाची सुरक्षेची परीक्षा ठरली. आपल्या बोर्डाच्या पोटावर तसा शिक्का आहे, मी घेताना पाहिला होता. पण शिक्का नव्या मालाचा असतो. दोन उन्हाळे दिवाणाखाली काढलेल्या बॅटरीची हमी तो देत नाही.

तर आता ठरलंय ते सांगते, आणि ठरलंय म्हणजे ठरलंय. मंदार येत्या रविवारी येईल आणि बोर्ड घेऊन जाईल. जुनी बॅटरी काढून सर्व्हिस सेंटरमधून तशीच नवी बसवेल, सोबत तिचाच चार्जर. मग ते बोर्ड सईचं. तिच्या आईशी मी बोललेय, आधी तुम्हाला विचारलं नाही, चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही "राहू दे, अर्णवचं आहे" म्हणाला असता, आणि मला पुढे बोलता आलं नसतं.

अर्णवला विचारलं. लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मलाच कसंतरी झालं. तो माझ्या कानापर्यंत आलाय, बुटाचा नंबर बाबांच्या बरोबरीचा. पण तुमच्या पार्किंगमध्ये बाबा मागे धावत होते आणि आई वरून "अरे हळू!" ओरडत होती, तो व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये आहे. मी पाहिलाय.

हे त्याला जोडूनच सांगते, म्हणजे एकदाच वाईट वाटेल. या दिवाळीत आम्हाला यायला जमत नाहीये. सुहासचं काम पुढच्या डिसेंबरपर्यंत लांबलंय. अर्णवच्या शाळेला शरदाची सुट्टी आठवडाभरच, त्यात येणं-जाणं म्हणजे तुमच्यासोबत चार दिवस, तेही अर्धे झोपेत. तिकिटांचं तर बोलूच नये. आम्ही वर्षभर खर्च आखून बघितला, तीनदा. आता मेमध्ये येऊ ते थेट पाच आठवड्यांसाठी, आंब्याला. आई, यंदा चकली-चिवडा पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, इथे मिळतो (तुझ्यासारखा नाही, पण मिळतो). फराळाची दगदग नको म्हणून मी बाईंना दुप्पट वेळ यायला सांगितलंय, पैसे मी देणार, वाद नको. बाबांच्या खोलीतला जुना पंखा बदलायलाही मंदारलाच सांगितलंय. आणि बाथरूममधला दांडा बसवून घ्याच, या वेळी "बघू" नको.

सईचे आई-बाबा दोघं ऑफिसला जातात, हिंजवडीहून यायला आठ होतात. म्हणून चार्जिंगचं खातं बाबांकडेच राहील, तसं मी तिच्या आईला सांगितलंय. पण माझ्या पद्धतीनं.

रात्री लावायचं नाही. दुपारीही नाही. एक ते चार पुण्यात दुकानं बंद, तसा चार्जरही बंद. पाचचा चहा झाला की लावायचं, दोघं जागे असाल आणि हॉलमध्ये असाल तेव्हा. मंडईत जायचं असेल तर काढून जायचं. हिरवा लागला की पिन काढायची, आणि त्यासाठी फोनवर अडीच तासांचा गजर. जागा खिडकीखालच्या फरशीवर, पडद्यापासून हातभर लांब. दाराशी नाही, कारण आपल्याला बाहेर पडायला ते एकच दार आहे. गॅलरीत नाही, तिथे मेमध्ये ऊन आणि जुलैत झड. चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट लावायचा, बाबांनी केलेल्या त्या लाकडी एक्स्टेन्शनवर नाही. ते सुंदर आहे, त्यावर आकाशकंदील लावा. आणि आई, मिक्सरला घालतेस तसा चार्जरला रुमाल घालू नकोस. त्याला उघडंच राहू दे, तापतो तो.

सई खेळून आली की लगेच पिन लावायची नाही. अर्धा-पाऊण तास ठेवायचं, हात लावून गार लागलं की मग. पावसात भिजलं असेल तर पिनेचं भोक कोरडं होईपर्यंत थांबायचं, हेअर ड्रायर नको. तिच्या परीक्षा आल्या आणि महिना-दोन महिने कोणी चालवणार नसेल, तर उतरलेलं बोर्ड तासभर लावून काढायचं, साधारण अर्धं भरतं. मग बटण बंद करून सावलीत ठेवायचं आणि दोन महिन्यांनी परत बघायचं. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. विसरून पार रिकामं पडून राहिलं, तर मात्र पुन्हा जीव ओतायला जाऊ नका, आधी मंदारला दाखवा.

आणि बाबा, तुम्ही उचलायचं नाही. दहा-अकरा किलो आहे ते. सई ढकलत आणेल, तुम्ही पिन लावा. वायर भिंतीच्या कडेनं, आईच्या वाटेत नाही. गुडघ्याचं आत्ता कुठे बरं आहे.

बोर्ड कुठे फुगल्यासारखं दिसलं, थिनरसारखा गोडसर वास आला, नेहमीपेक्षा जास्त तापलं, तर त्या दिवसापासून चार्जिंग बंद. फुस्स आवाज किंवा धूर आला, तर बादली आणायची नाही, बोर्ड उचलून गॅलरीत न्यायचं नाही. दोघांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, खाली जाऊन १०१ ला फोन. पर्स, पासबुक, मोगरा, काही घ्यायला मागे वळायचं नाही. आई, तुला सांगतेय मी हे.

जुनी बॅटरी मंदार घेऊन जाईल, ती सकाळच्या घंटागाडीत देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथे पेटते, आणि त्या ताया हातानं वेगळं करतात सगळं. ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे.

रविवारपर्यंत तुम्ही एवढंच करा. पत्र वाचून झालं की चष्मा न काढता उठा, दिवाणाखालची पिन काढा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि त्या बंद बटणाचा फोटो पाठवा. फोटोत आईचा हातही दिसू दे, म्हणजे मला कळेल की तिला सगळं वाचून दाखवलंत.

बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर, आधी नाही.

तुमची,
चिमी

ता. क. आई, दिवाणाखाली आता जागा मोकळी झाली म्हणून रद्दीचा तिसरा गठ्ठा तिथे लावू नकोस.