गाणे बंद करण्याआधी ते शेवटपर्यंत ऐकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकटेपणा आणि निराशा यांवरची इंग्रजी गाणी तरुणांच्या मोबाइलमधून हद्दपार करावीत, अशी मागणी करणारे एका पालकांचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. त्यांची काळजी खरी आहे. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. परंतु त्यांनी ज्या गाण्यावर विशेष रोष धरला, ते ब्लिंक-१८२ या अमेरिकन बँडचे ‘ॲडम्स साँग’ मी गावच्या अभ्यासिकेतील मुलांकडून समजून घेऊन, शब्द समोर ठेवून ऐकले आहे, आणि माझे मत वेगळे आहे.

हे गाणे १९९९ मधल्या ‘एनीमा ऑफ द स्टेट’ या अल्बममधले. हा बँड पॉप-पंक वाजवतो, म्हणजे वेगवान गिटार, दणदणीत ड्रम आणि चटकन तोंडात बसणारी चाल. त्यात या बँडची ख्याती वात्रट थट्टेसाठी. (माझ्या कानांना हा प्रकार अजूनही फारसा मानवत नाही.) हे गाणे मात्र त्यांच्या मानाने संथ आहे आणि त्यात पियानोही ऐकू येतो. ते लिहिणारा मार्क हॉपस याने सांगितले आहे, की दौऱ्यावर असताना साथीदारांची घरी कोणीतरी वाट पाहत असे, त्याची मात्र कोणीच पाहत नव्हते. गाण्यातला मुलगा जगण्याला विटलेला आहे. यात आईचा दोष नाही, असे तो म्हणतो आणि लहानपणी हातून सांडलेला सफरचंदाचा रसही त्याला आठवतो. शेवटच्या कडव्यात मात्र दौरा संपतो, आपण तगलो हे त्याच्या ध्यानात येते, उद्याचे दिवस त्याला बरे दिसू लागतात आणि घरी जाण्याची ओढ लागते. खोलीत तो तेव्हाही एकटाच असणार आहे, पण ते एकटेपण आता त्याला खात नाही. पत्रलेखक पालकांनी बहुधा पहिले कडवे ऐकूनच मोबाइल काढून घेतला असावा.

२००० मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी या गाण्याचे नाव जोडले गेले, हे खरे आहे. पुढे २००९ मध्ये एका मित्राच्या मृत्यूनंतर बँडनेही ते कार्यक्रमांतून वगळले आणि २०१८ मध्ये पुन्हा गायला घेतले. म्हणजे ज्यांचे ते गाणे, त्यांनाही ते जड गेले. तरीही दुःखाचे शब्द ऐकण्यावर बंदी घालावी, हे पटत नाही. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांनी मरणावर किती थेट लिहिले, आणि आपण त्यांच्या गझलांना मैफलीत दाद देत आलो.

आमच्या भागात तिशी ओलांडलेले कितीतरी तरुण बिनलग्नाचे आहेत, कारण शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. बरोबरीचे पुण्याला कंपनीत गेले. हा कापूस, तूर आणि म्हातारे आईवडील सांभाळत राहिला. पोलीस भरतीचे वय उलटून गेलेला मुलगा संध्याकाळी पानठेल्यावर बसतो, हसतो, बोलतो आणि रात्री हेडफोन लावतो. त्याचे दुःख आपल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण मदतीसाठी पात्र की अपात्र, हे ठरवताना नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. मदतीसाठी काही निकष हवेत हे मान्य, पण हळूहळू आपणही माणसाच्या दुःखाकडे त्याच तीन प्रश्नांतून पाहू लागलो आहोत. घरी तुझी वाट पाहणारे कोणी आहे का, हे कोणीच विचारत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलगा असे गाणे रात्र-रात्र ऐकत असेल तर शेजारी बसून त्याच्याबरोबर ते ऐकावे आणि जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत आणि मराठीतून बोलता येते.

एक विनंती आपल्यालाही. आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे छापू नयेत आणि त्यात पद्धतीचे वर्णन नसावे, असे भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये सुचवले आहे. आपल्या जिल्हा पानावर मात्र मथळ्यातच ती पद्धत येते, आणि तिचा परिणाम मला कोणत्याही गाण्यापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. ते वर्णन गाळून, वाचलेल्या जागेत प्रत्येक वेळी वरील क्रमांक छापावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ