दिग्दर्शकाची निवड की प्रोजेक्टरची चूक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मल्टिप्लेक्समध्ये आठवडाभरही न टिकणारे स्वतंत्र मराठी चित्रपट कोल्हापुरात महाविद्यालयांच्या सभागृहांत, ग्रंथालयांच्या हॉलमध्ये, नाहीतर कोणाच्या तरी घरच्या मोठ्या टीव्हीवर दहा-वीस जण जमून पाहिले जातात आणि नंतर चर्चाही रंगते. चांगलेच आहे. पूर्वी पिक्चर सुटला की दोनच निकाल लागायचे, ‘लई भारी’ किंवा ‘काय कळलं नाही’. आता तिसरा लागतो: ‘दिग्दर्शकाला इथे असं सुचवायचंय की...’. या तिसऱ्या निकालाबद्दल हे पत्र. अर्थ लावायला कोणाचीच हरकत नाही, पण त्याआधीचा एक प्रश्न बहुतेक चर्चांत विचारलाच जात नाही. जे दिसले आणि ऐकू आले, ते दिग्दर्शकाने ठरवलेले होते का?

सर्वांत फसवा प्रकार आवाजाचा. चित्रपटाची फाइल बहुधा 5.1 ध्वनीची, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाटांची (चॅनलची) असते. त्यात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. संगीत आणि आजूबाजूचे आवाज डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेले. लॅपटॉप दोनच स्पीकरना जोडलेला असेल आणि प्लेअरने सहा चॅनल दोनात नीट मिसळले नाहीत, तर भांडी, पाऊस, रिक्षा खणखणीत ऐकू येतात आणि माणसे मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटतात. मग चर्चेत कोणीतरी म्हणते, ‘नवरा-बायकोतला संवादच संपलाय, म्हणून दिग्दर्शकाने त्यांचं बोलणं मुद्दाम दाबलंय.’ युक्तिवाद सुरेख, आधार शून्य. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट स्टिरिओ केले की तेच नवरा-बायको स्वच्छ भांडू लागतात.

चौकटीचेही तसेच. 4:3 मध्ये (रुंदी 4, तर उंची 3) चित्रित केलेला चित्रपट 16:9 च्या पडद्यावर दाखवला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. त्या ‘मोकळ्या जागा’ भरायला आयोजक झूम करतो आणि चित्राची पाव उंची कापली जाते. 2.39:1 च्या रुंद चित्रपटात पट्ट्या वर-खाली असतात. तिथे झूम केले तर रुंदीचा चौथा हिस्सा जातो आणि कडेला उभे केलेले पात्रच गायब होते. डोके कापलेली माणसे पाहून ‘व्यवस्थेने व्यक्तीचा चेहरा हिरावून घेतला’ असे म्हणण्याआधी रिमोट हातात घ्यावा. झूमऐवजी ताणणे चालू असेल तर ओळखायला सोपे: चित्रात ताट, चाक, घड्याळ असे काही गोल दिसते का पाहावे. ते लांबोळके दिसले की सेटिंग चुकले. सबटायटलची खालची ओळ अर्धी कापलेली असेल तरी कारण बहुधा हेच.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग चालू असले तर सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रात टीव्ही मधल्या फ्रेम आपल्या मनाने भरतो आणि सगळे मालिकेसारखे गुळगुळीत दिसते. ते बंद करावे. नुसता ‘सिनेमा’ मोड लावून सगळ्याच टीव्हींवर ते बंद होत नाही, मेनूत वेगळे शोधावे लागते.

उजेडाबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे. चित्रपटगृहातील डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यावरील उजेडाचे प्रमाण 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचे एकक) इतके ठरलेले आहे आणि तेही पूर्ण अंधाऱ्या प्रेक्षागृहात. चित्रपटाचे रंग आणि काळोख त्या हिशेबाने पक्के केले जातात. पातळ पडद्यांच्या खिडक्या, मागची एक ट्यूब चालू, दारातून येणारी ऊन-सावली अशा हॉलमध्ये काळ्याचा राखाडी होतो आणि त्यात ठेवलेला तपशील पुसला जातो. कोपऱ्यातल्या अंधारात बसलेली सासू कोणालाच दिसत नाही. मग नायिका एकटीच बोलते आहे, म्हणजे तिला भास होतात, इथवर चर्चा पोचू शकते. दुपारी चारऐवजी संध्याकाळी सातला खेळ लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

मध्यंतर हे आणखी एक. महोत्सवांसाठी केलेल्या चित्रपटांत अनेकदा मध्यंतर नसतेच. ते चित्रपटगृह किंवा आयोजक चहासाठी टाकतो. त्यामुळे ‘नेमकं इथेच थांबवलं’ यातून अर्थ काढू नये. सिगारेटच्या दृश्यात खाली येणारा इशारा नियमाने येतो. एखादा शब्द मधेच मुका झाला तर तीही दिग्दर्शकाची शैली असेलच असे नाही.

एवढे गाळून जे उरते, ते वाचण्याजोगे. इथे दुसऱ्या टोकाचे लोक भेटतात: ‘बजेट नव्हतं, म्हणून कॅमेरा एका जागी ठेवला.’ हा समज बहुधा उलटा असतो. रुंद चौकटीत दहा-बारा माणसे, त्यातली बरीच पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आणि चार मिनिटांचा अखंड शॉट म्हणजे एक जण अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. आवाज जागेवरच घेतला जात असेल तर बाहेरून गेलेल्या एका ट्रकमुळेही टेक वाया. तुकडे करून चित्रित केले तर हे सगळे झाकता येते. तंगी असूनही जो अवघड मार्ग धरतो, त्याने तो निवडलेला असतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घ्या. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा जवळजवळ काळा होतो. अशा वेळी आयोजकाने हॉलचे दिवे लावले की प्रेक्षक चपला शोधू लागतात. चित्रपट मात्र संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी लागते, मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा पेंगू लागतात. ‘न्यायव्यवस्था झोपलेली आहे’ हा त्याचा तयार अर्थ. चुकीचा नाही, पण हलका आहे. चित्रपटाने याआधी काय केले ते आठवावे. बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये आणि आईवडिलांकडे दिसला. सरकारी वकील बाई लोकलने घरी गेल्या, स्वयंपाक केला, कुटुंबासह नाटकाला गेल्या. न्यायालयाबाहेरचे आयुष्य एकेकाचे दाखवत आणले आणि न्यायाधीशांची पाळी सर्वांत शेवटी ठेवली. म्हणजे सहल हा मागून जोडलेला टोमणा नाही, तो त्या रचनेचा तिसरा खांब आहे. निकाल देणारा माणूस घरच्या गप्पांत कोणत्या समजुती बाळगतो, हे खटला मागे पडल्यावरच आपल्याला कळते. हा क्रम उलटा करून पाहा: न्यायाधीशांची सहल आधी दाखवली असती तर पुढची प्रत्येक तारीख आपण संशयाने पाहिली असती. शॉटची निवड तपासायची सोपी रीत हीच. हेच दृश्य जवळून, आधी किंवा तोडून घेतले असते तर काय हरवले असते, असे विचारावे. आणि ते दुसरीकडे कुठे आले आहे का, तेही पाहावे. एकदाच आलेली खिडकी ही बहुधा खिडकीच असते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) शेवटी जब्या या शाळकरी नायकाने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तो कोणावर, यावर वाद झडतात. उत्तर आधीच्या दृश्यांत आहे. जब्याच्या कुटुंबाची डुक्कर धरायची धावपळ गाव तमाशासारखी बघते, हसते. राष्ट्रगीतासाठी ती पळापळ थांबते. धरलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेब आणि सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून नेले जाते. या सगळ्या वेळात बघ्यांमध्ये आपणही बसलेले असतो, खुर्चीवर.

असे वाचणे आपल्याला नवे किंवा परके नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (1925) या मूकपटातला मंद उजेडातल्या उदास झोपडीचा आणि रडणाऱ्या कुत्र्याचा शॉट जाणकारांच्या लक्षात राहिला. पडद्यातून आवाज येण्याची सोय नव्हती, पण कुत्रे रडते तेव्हा काय समजायचे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 मध्ये इथेच, कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. तिथे शांतारामबापूंनी 1937 मध्ये ‘कुंकू’ केला, तो पार्श्वसंगीत टाळून दृश्यातल्याच आवाजांवर. आजच्या चित्रपटात व्हायोलिन वाजले नाही की ‘फेस्टिव्हलवाला पिक्चर’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दिग्दर्शक स्वतः आला असेल तर ‘तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ हा प्रश्न वाया जातो. उत्तर नम्र आणि गोलमोल येते, किंवा इतके ठाम येते की पुढे कोणी बोलत नाही. ‘हा शॉट कितव्या टेकला जमला? माइक कुठे लपवला होता? संकलनात याच्या मागचं-पुढचं काय काढलं?’ असे विचारले की निवडी आपोआप उघड होतात.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. चित्रपट परीक्षणाच्या खाली आपण तारे छापता, त्याच्याशेजारी एक ओळ वाढवावी: चौकटीचे गुणोत्तर, मिनिटांत लांबी, मूळ चित्रपटात मध्यंतर आहे की नाही आणि सबटायटल कोणत्या भाषेत. ते कात्रण आयोजकाने प्रोजेक्टरच्या पेटीत ठेवावे आणि प्रेक्षक यायच्या अर्धा तास आधी पहिली पाच मिनिटे लावून, हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून पाहावीत.

आपले,
काही चित्रपटप्रेमी वाचक, कोल्हापूर