हात मागे बांधून उभे राहिलेल्या काकांना

ती. काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यातल्या दुपारी, लाईट नुकतीच आलेली असताना कोण आलं होतं ते तुम्हाला आठवत असेल.

तीन दिवस मी एकाच एररपुढं बसून होतो. यंत्रमागावर पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजायचं आणि आडवा धागा तुटला की माग थांबवायचा, एवढंच आमच्या बोर्डाचं काम. सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणायचा, 'अननोन टाइप नेम', म्हणजे हा माहितीचा प्रकार मी ओळखत नाही. तो टाइप तर डिस्प्लेच्या हेडर फाईलमध्ये (बाकीच्या फाईलींनी वापरायच्या व्याख्यांची फाईल) धडधडीत लिहिलेला, फाईल इन्क्लूडही केलेली. एकटी घेतली की चालायची. सेन्सरच्या हेडरमागून घेतली की जणू नव्हतीच!

त्याआधी दोघांना विचारून झालं होतं. ज्या क्लासात फी भरून सी शिकलो, तिथले सर म्हणाले, "कंपायलर काढून परत टाक." (हेडरचा तो साचा त्यांचाच. 'कॉपी मारा, नावं नंतर बदला.') जुन्या कंपनीतल्या सीनियरनं माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला, इकडच्या ओळी तिकडं केल्या, आणखी नऊ एरर वाढवून दिले आणि म्हणाला, "तू टॉवेल विक, सोलापूरचे चांगले खपतात." तो हसला. मीही हसलो, त्याचंच अजून वाईट वाटतं.

आणि तुम्ही! खुर्ची पुढं केली तरी बसला नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधलेत आणि म्हणालात, "मी कशाला हात लावत नाही. पहिली ओळ मोठ्यानं वाच."

मी वाचली. इफ-एन-डेफ, अंडरस्कोर, कॉन्फिग, अंडरस्कोर, एच. (एकच हेडर दोनदा घेतली जाऊ नये म्हणून वर लिहायची ती ओळ: हे नाव आधी आलेलं नसेल तरच पुढचं घे.)

"आता दुसऱ्या फाईलची."

'कॉन्फिग'पाशी माझी जीभ अडखळली. दोन्हीकडं तेच नाव! सेन्सरच्या फाईलनं ते आधीच डिफाइन केलेलं, म्हणून डिस्प्लेची फाईल आली की कंपायलरच्या आधी फाईली जोडणारा प्रीप्रोसेसर 'ही घेऊन झाली' असं समजून सरळ एन्ड-इफपर्यंत उडी मारायचा. नियमाप्रमाणं सगळं बरोबर, त्यामुळं त्या जागी तक्रार कुणाचीच नाही. तुम्हाला ते दारातूनच दिसलं असणार. तरी तुमचे हात मागंच राहिले आणि चूक मला सापडू दिलीत. आजवर मला शिकवणाऱ्या एकानंही कीबोर्ड माझ्यापाशी राहू दिला नव्हता, काका.

माझे आजोबा मागावर नवीन पोरगं आलं की असेच बाजूला उभे राहायचे म्हणे. धागा तुटलेला दिसला तरी बोलायचे नाहीत, गाठ त्यालाच मारू द्यायचे. आई सांगायची तेव्हा मला तो आजोबांचा आळस वाटायचा.

मग चहा आला आणि तुम्ही बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलंत. "पूर्व भागातला ना तू? तुमच्या तेलुगूत इंटिपेरू, म्हणजे आडनाव, आधी, नाव मागून. तसंच लिही." सीमध्ये नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगळे कप्पे, नाहीत, तेव्हा प्रोजेक्टचं आडनाव प्रत्येकानं स्वतःच लावायचं: माग_डिस्प्ले_एच, माग_सेन्सर_एच. बाहेर दिसणाऱ्या फंक्शनलाही तेच. सुरुवातीचा अंडरस्कोर मात्र काढायला लावलात. अंडरस्कोर आणि लगेच कॅपिटल अक्षर, किंवा लागोपाठ दोन अंडरस्कोर, अशी सुरू होणारी नावं सीच्या स्टँडर्डनं कंपायलर आणि लायब्ररीसाठी राखून ठेवलीत. "जनरलचं तिकीट काढून हुतात्माच्या रिझर्व्ह डब्यात बसल्यासारखं आहे ते. टीसी येईपर्यंत चालतं."

टीसी एकदा येऊनही गेला होता, हे तेव्हा सांगितलं नाही. पिकचा काउंटर मी हेडरमध्येच, एक्सटर्न ('खरा दुसरीकडं आहे' असं सांगणारा शब्द) न लावता लिहिला होता, म्हणजे हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाईलीत त्याची एक प्रत. जुना जीसीसी, म्हणजे आमचा कंपायलर, अशा सगळ्या प्रती गुपचूप एकत्र करायचा. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून त्यानं ते आपणहून करणं सोडलं, आणि नवीन कॉम्प्युटरवर 'मल्टिपल डेफिनिशन'ची रांग लागली. तेव्हा मी जुना कंपायलर परत टाकून मोकळा झालो होतो. क्लासातल्या सरांचाच शिष्य!

आता एक्सटर्न लावलंय. बोर्ड दोन मागांवर चालू आहे. ते बिल मॉनिटरला चिकटवलंय, त्यावरच्या चहाच्या डागासकट.

जाता जाता तुम्ही आणखी एक सांगितलं होतं, टाइपच्या नावाशेवटी '_टी' नको, पॉसिक्सनं (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) ते राखून ठेवलंय. ते अजून केलेलं नाही, चौदा ठिकाणी आहे. शनिवारी शेंगाचटणी द्यायला घरी येतो, तोवर काढून टाकतो.

तुमचा,
शेडमधला पोरगा