टाकी मोठी करताना जुनी वाळू सरसकट उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची दोन फुटी काचेची टाकी काढून चार फुटी बसवायचे बेत ठरतात. मग दोन-चार दिवसांत मासे दगावतात आणि दोष नव्या मिठाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण जुन्या वाळूत असते.

वर्षभर मुरलेल्या वाळूचा वरचा अडीच सेंटिमीटरचा थर आणि त्याखालचा थर यांत फार फरक आहे. वर प्राणवायू खेळता असतो. विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू, बारीक किडे, कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) तिथे नांदतात. खाली गाळ कुजून अमोनिया साठतो आणि प्राणवायू पोचत नाही तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. काळे पट्टे आणि सडक्या अंड्याचा वास ही त्याची खूण. सगळी वाळू एकदम ओतली की हे सारे पाण्यात मोकळे होते. त्यात समुद्री पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) 8.1 ते 8.3, म्हणजे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त विषारी ठरतो.

म्हणून वाळूला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी निम्मे पाणी नितळ असतानाच नळीने बादल्यांत काढावे. मग लाइव्ह रॉक (जिवाणू मुरलेले प्रवाळाचे दगड) आणि मासे वेगळ्या टबात हलवावेत, टबात एअर पंप चालू हवा. मासे आत असताना वाळू ढवळणे म्हणजे त्यांना विष पाजणेच. त्यानंतर मगाने वरचा थर अलगद खरवडून उथळ घमेल्यात घ्यावा, वर दोन बोटे जुने पाणी ठेवावे. झाकण लावू नये. बंद बादलीत प्राणवायू संपत जातो आणि वाळूतले जीव गुदमरतात. खालची वाळू टाकून द्यावी. ठेवायचीच असेल तर जुन्याच खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यावी. नळाखाली कधीही नको, क्लोरीन आणि गोडे पाणी दोन्ही जिवाणूंना मारतात.

हिशेब असा. 60×30 सेंटिमीटरच्या टाकीतून साडेचार लिटर चांगली वाळू निघते. 120×45 सेंटिमीटरच्या टाकीत 5 सेंटिमीटर थराला 27 लिटर लागते. उरलेल्या साडेबावीस लिटरसाठी सुमारे 34 किलो कोरडी (चुनखडीच्या जातीची) अ‍ॅरागोनाइट वाळू धुऊन तळाशी घालावी. दगड मात्र वाळूवर न ठेवता काचेवर टेकवावेत, नाहीतर वाळू उकरणाऱ्या गोबी माशांमुळे ते ढासळतात. जुनी वाळू सर्वांत वर पसरावी. थर सेंटिमीटरभरही होत नाही, पण विरजणासारखा तेवढा पुरतो. गोदावरीची किंवा बांधकामाची वाळू मिसळू नये. ती बेसॉल्ट खडकाची. तिच्यातले लोहकण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखडे उठतात.

पाणी आदल्या दिवशीच तयार हवे: लिटरला मत्स्यालयाचे 35 ग्रॅम समुद्री मीठ, म्हणजे 200 लिटरला 7 किलो, घनता 1.025, तापमान 25-26 अंश. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात मीठ कालवू नये. आरओचे, शक्यतो डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) फिल्टरमधून गेलेले पाणी घ्यावे. वाळूवर ताट ठेवून त्यावर धार सोडली तर गढूळपणा कमी होतो. पाणी निवळले, अमोनिया शून्य आला, की मगच मासे सोडावेत. पुढचे आठ दिवस रोज चाचणी करावी, खाणे निम्मे द्यावे. अमोनियाचा आकडा 0.25 पीपीएम (दहा लाखांत पाव भाग) दिसला तर त्याच दिवशी पाव पाणी बदलावे.

आणि हे काम मे महिन्यात काढूच नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पारा 42 अंशांवर असताना घमेल्यातले पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात वीज गेली तर वाळू आणि मासे दोन्ही हातचे जातात. दिवाळीनंतरची एखादी सकाळ निवडावी आणि बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा.

खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर