शेपटा कापायचा की ठेवायचा

मिरज
१० ऑगस्ट २०२५

प्रिय सुनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. "केस कापू की ठेवू, एवढंच सांग" असं शेवटी लिहिलंयस, पण आधीच्या तीन पानांत जे आहे ते वाचल्यावर एका ओळीत उत्तर देववत नाही. फोनवर बोलले असते तर तू मध्येच विषय बदलला असतास, म्हणून लिहायलाच बसले.

माझं मत आधीच सांगून टाकते. गुडघ्यापर्यंतचे केस कमरेपर्यंत आण. आत्ता त्याच्या वर जाऊ नकोस. आणि जो शेपटा कापला जाईल तो कुणालाही देऊ नकोस. का ते सांगते.

तुझा आखडलेला खांदा आधी बघू. माझा उजवा खांदा आखडला होता तेव्हाचं सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. ब्लाउजचा हूक लावता येईना, फडताळातला वरचा डबा काढता येईना, आणि वेणी घालायला हात मागे नेला की दंडात अशी कळ यायची की फणी हातातून गळून पडायची. डॉक्टर म्हणाले होते, चाळिशी ते साठीच्या बायकांत हे जास्त दिसतं, त्यात साखर असेल तर आणखी. तुझी साखर वर-खाली होते हे तू त्यांना सांगितलंयस ना? नसशील तर आधी ते सांग. हे दुखणं मुक्कामाला येतं, एक ते तीन वर्षंसुद्धा घेतं, पण बहुतेकांचा खांदा पुढे सुटतो. भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नकोस. माझा हात त्यानंच वर गेला.

आता केसांचं. मृदुला म्हणते, "काप गं आई, परत वाढतील." तिच्या वयाला ते खरं आहे. केस महिन्याला एखादा सेंटिमीटर वाढतो, थोडा जास्तच. वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर धर. पण प्रत्येक केसाचा वाढायचा काळ ठरलेला असतो. बहुतेकांचा तो दोन ते सहा वर्षांचा. मग तो केस थांबतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून पुष्कळ बायका वर्षानुवर्षं कात्री लावत नाहीत तरी त्यांचे केस कमरेखाली जात नाहीत. तुझे गुडघ्यापर्यंत गेले, कारण तुझा केस सात-सात, आठ-आठ वर्षं न गळता वाढत राहिला. हे सगळ्यांना मिळत नाही. आणि वय वाढेल तसा हा काळ आखडत जातो, केस बारीकही होतो. त्रेपन्नाव्या वर्षी मानेपर्यंत कापलेस तर ते पुन्हा गुडघ्यापर्यंत येतील अशी खात्री तुला कुणी देऊ शकणार नाही. खांदा सुटेल, पण लांबी परत येईलच असं नाही. सुटणाऱ्या दुखण्यासाठी कदाचित न परतणारी गोष्ट एका दुपारी पार्लरमध्ये संपवू नये, एवढंच माझं म्हणणं.

पण मग आहे तसंच ठेव, असंही मी म्हणत नाही. ११२ सेंटिमीटरचा ओला शेपटा एका हातानं पिळायचा, आणि तोही चिपळूणच्या पावसात, हे होणारं काम नाही. शनिवारी न्हालेले केस सोमवारपर्यंत मुळाशी ओलेच राहतात असं तू लिहिलंयस. त्यानंच कोंडा झाला असणार. ओले केस बांधून ठेवले की तो वास आणि ती खाज येतेच. पूर्वी तुझी आई, म्हणजे माझ्या काकू, तुला बाजेवर निजवून, केस खाली सोडून, शेगडीवर ऊद टाकून धुरी द्यायच्या. आता ते करणारं घरात कोण आहे?

आणि खांद्यापर्यंत कापायचं मनात आणू नकोस. लोक तोच मधला मार्ग सुचवतात, पण आखडलेल्या खांद्याला तो सगळ्यात वाईट. आमच्या वहिनीनं तेच केलं. केस पुढे घेऊन वेणी घालावी तर पुरेनात, मागे बांधावेत तर हात जाईना, मोकळे सोडावेत तर पोळ्या लाटताना तोंडावर यायचे. शेवटी शेजारच्या मुलीकडून क्लिप लावून घ्यायची. दुखऱ्या खांद्याला दोनच लांब्या चालतात: एक तर नुसती फणी फिरवली की झालं इतके आखूड, नाहीतर छातीवर पुढे घेऊन वेणी घालता येईल इतके लांब. कमरेपर्यंतचे केस दुसऱ्या प्रकारात बसतात, म्हणून मी कमरेवर अडून बसले आहे.

पुढून वेणी कशी घालायची ते सांगते, मी वर्षभर तशीच घालत होते. खुर्चीवर बसायचं, मांडीवर उशी घ्यायची आणि उजवा कोपर त्या उशीवर टेकवायचा. मान डावीकडे कलती करून सगळे केस डाव्या खांद्यावरून पुढे आणायचे. आधी टोकं विंचरायची, मग मधला भाग, मुळाकडे शेवटी. गुंता ओढला गेला नाही की खांद्याला हिसका बसत नाही. तीन पेड कानाखाली धरून सुरुवात करायची. दोन्ही हात छातीच्या खालीच राहतात, वर जावं लागतच नाही. पहिले दोन-चार दिवस वेणी वाकडी येईल, मग हात बसतो. न्हाताना केसांच्या सैलसर दोन वेण्या घालूनच बस, शिकेकाई फक्त टाळूला चोळ. खालच्या केसांना ओघळणारा फेस पुरतो. उभं राहून बादलीवर वाकू नकोस, पाटावर बस आणि तांब्या डाव्या हातात घे.

हे मी एवढं सांगते आहे त्याचं कारण तुझ्या पत्राचं दुसरं पान. श्रीकांतराव रोज सकाळी कामावर जायच्या आधी तुझी वेणी घालतात, त्यांना उशीर होतो, ते काही बोलत नाहीत आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होतं असं लिहिलंयस. सुनू, त्यांनी घातलेल्या वेणीत लाज वाटण्यासारखं काहीही नाही. बत्तीस वर्षं तू त्यांचे डबे भरलेस, त्यांच्या दुखण्यात रात्री जागलीस. ते करतात ते प्रेमानं करतात, ते घे. पण तुला स्वतःचं डोकं स्वतःच्या हातांनी करायचंय, हेही मला समजतं. पहाटे उठून कुणाला न उठवता वेणी घालून चहा टाकायचा, हे तुझं सुख मी लहानपणापासून बघत आलेय. ते तुला परत मिळायला हवं, आणि त्यासाठी कमरेखालचं ओझं उतरवणं योग्य आहे.

वन्संनी म्हटलंय की मृदुलाचं लग्न ठरलेलं असताना, लग्नघरात सवाष्ण बाईनं केसांना कात्री लावू नये. त्यांना दुखवू नकोस, पण मनालाही लावून घेऊ नकोस. हा धसका आला कुठून ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आजीची आत्या आलवणातली, म्हणजे केशवपन केलेली विधवा होती. न्हाव्याच्या पुढ्यात मागच्या अंगणात बसवायचे तिला, तिचं वय तेव्हा वीसही नव्हतं. त्या काळात बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा तो नवरा गेल्यावरच, म्हणून केस जाणं म्हणजे अशुभ हे घराघरांत रुतून बसलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे वाचते तेव्हा मला दर वेळी भरून येतं. त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. तू मात्र स्वतः ठरवते आहेस, तेही टेपनं मोजून. यात अशुभ काय आहे? वन्सं ऐकतील असं वाटलं तर त्यांना हे सगळं सांग, नाहीतर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हण. ते खोटंही नाही, मान आणि खांद्यावरचा भार कमी करा असं ते म्हणालेच आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहिते आहे तिच्याकडे येते.

तू म्हणतेस, "कात्री लावायची म्हटलं की पोटात कालवाकालव होते, का ते कळत नाही." मला वाटतं मला कळतं. मी हिशेब केला. वर्षाला १५ सेंटिमीटर धरले तर तुझ्या शेपटाची टोकं २०१८ च्या सुरुवातीची आहेत. काकू मिरजेचं घर बंद करून तुझ्याकडे राहायला आल्या ते साल. कमरेपाशी, मुळापासून ६८ सेंटिमीटरवर जिथे कापायचं म्हणतोय, तिथले केस २०२१ च्या आरंभीचे. काकू गेल्या त्या जानेवारीत. म्हणजे खालचे जे ४४ सेंटिमीटर उतरणार आहेत, नेमक्या तेवढ्याच केसांना काकूंचा हात लागला आहे. दर शुक्रवारी रात्री वाटीत कोमट केलेलं खोबरेल, त्यात माका आणि जास्वंद, आणि त्यांची ती उजव्या हाताची वाकडी करंगळी. शाळेत असताना माझीही वेणी त्यांनी घातली आहे, इतकी घट्ट की दुपारपर्यंत भुवया ताणलेल्या असायच्या. त्यानंतरचे सगळे केस त्या गेल्यानंतरचे. त्याच वर्षी, २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि आठवडाभर तू केसांतला चिखल धूत होतीस, तेव्हा मुळाशी उगवलेले केस आता कमरेच्या जरा वर आहेत. ते तुझ्यापाशीच राहणार आहेत.

म्हणून तो कापलेला शेपटा जपून ठेव म्हणते. मृदुला म्हणते तसं कॅन्सरच्या रुग्णांच्या टोपांसाठी केस देणं फार चांगलं काम आहे. बहुतेक ठिकाणी किमान १२ इंच लागतात आणि तुझे त्याहून जास्त भरतील. पुढे कधी आणखी कापलेस तर अवश्य दे. पण हा शेपटा नको. केसांवर भांडी देणारीला तर मुळीच नको. वर्षभराचं गुंतवळ तिला खुशाल घाल, पण हा तिच्या काट्यावर चढता कामा नये.

त्याचं गंगावन, म्हणजे केसांत गुंफायचा जोडशेपटा, करून घे. सांगलीला नाटकाचे टोप आणि गंगावनं करणारे आहेत, मी विचारून ठेवते. काकू स्वतःच्या गळलेल्या केसांचं गंगावन वापरायच्या, आठवतंय? ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं आणि कुणाच्या मुंजीला बाहेर निघायचं. मार्गशीर्षात मृदुलाच्या लग्नात तुझ्या कमरेपर्यंतच्या केसांत हे गंगावन गुंफून मी स्वतः तुझा खोपा घालीन, वर अबोलीचा गजरा. मुलीच्या लग्नात तुझ्या डोक्यावर तुझेच केस असतील, आणि काकूंच्या हातचेही.

कापताना काय सांभाळायचं तेही लिहिते, कारण पार्लरमधली मुलगी घाईत असते. आदल्या दिवशी नाहून केस पूर्ण कोरडे कर. ओले केस ताणले जातात, कापल्यावर वर चढतात आणि कापलेला शेपटा ओला बांधला तर कुबट होतो. घट्ट वेणी घालून घे. जिथे कापायचं त्याच्या दोन बोटं वर एक आणि दोन बोटं खाली एक अशी रबरं बांध, शेवटी तिसरं. कात्री पहिल्या दोन रबरांच्या मध्ये लावायची. नंतर उरलेल्या केसांना सरळ कट सांग. स्टेप कट, लेयर यातलं काही ऐकू नकोस, नाहीतर बटा वेणीतून सुटतात आणि त्या मागे खोचायला पुन्हा हात वर न्यावा लागतो. शेपटा सुती कापडात गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मुळाकडची बाजू कुठली ते दोऱ्यानं खूण करून ठेव, गंगावन करणाऱ्याला ते लागतं.

कमरेपर्यंत आणून दोन-तीन महिने बघ. पुढून वेणी जमली नाही, दुखणं वाढलं, तर मग हनुवटीपर्यंत कापू, मी येईन तुझ्याबरोबर. त्या वेळी मी एका शब्दानं अडवणार नाही. आखूड केस तुला शोभणार नाहीत असं मला वाटत नाही, तुझी मान सुरेख आहे.

गणपतीच्या आधी कापणार असशील तर आत्ताच कळव, म्हणजे सांगलीच्या माणसाला किती दिवस लागतात ते विचारते. गौरीला मी तुझ्याकडे येतेच आहे, तेव्हा शेपटा माझ्याकडे दे, पोस्टानं पाठवू नकोस. साखरेचा रिपोर्ट आला की आकडा लिही. श्रीकांतरावांना नमस्कार, मृदुलाला आशीर्वाद.

तुझी,
कुंदा