अभ्यासगटाने एकदा आषाढात यावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या जुन्या बंदरपेठांचा ‘शहर विकास, संस्कृती आणि वारसा’ असा एकत्र अभ्यास करायला निरनिराळ्या विषयांतल्या तज्ज्ञांचं एक पथक येणार असल्याची बातमी आपल्या आतल्या पानावर वाचली. बातमीत त्याला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हटलं आहे. नात वास्तुकला शिकते, तिनं हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. दुसऱ्यांदा जमला.

बातमी चांगलीच आहे. पण असंच एक पथक मागे आमच्याकडे येऊन गेलं. कुठून आलं, कुणी पाठवलं, ते सांगत बसत नाही. त्यांनी काय पाहिलं आणि काय त्यांच्या नजरेतून सुटलं, तेवढं नव्या मंडळींच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

मी 1977 साली लग्न होऊन चिपळूणच्या बाजारपेठेत आले. खाली भुसारी दुकान, वर माडीवर संसार. आता दुकान मुलगा बघतो आणि मी वरून त्याच्या चुका काढते. पथक आलं ते मे महिन्यात, आंबे उतरायच्या दिवसांत. एक वास्तुरचनाकार बाई, एक इतिहासाचे, एक भूगोलाचे, एक वाहतुकीचे, सण-उत्सव टिपून घेणारा एक मुलगा आणि ड्रोन उडवणारा एक पोरगा. त्या पोराला पथकात कुणी मोजत नव्हतं, पण आमची कौलं कुठे सरकलीत ते मला त्याच्याच फोटोत दिसलं. पावसाआधी नवी घालून घेतली. तीन दिवसांच्या त्या अभ्यासातून माझ्या पदरात पडलेला रोख फायदा एवढाच.

माणसं सालस होती. चपला बाहेर काढून आली, कोकम सरबत प्याली. वास्तुरचनाकार बाईंनी दुकानातले फणसाचे खांब, तुळया, खांबावरची नक्षी, सगळ्याचे फोटो काढले, मापं घेतली. दुकानाच्या छताला, म्हणजे माडीच्या फळ्यांत, दोन हात चौरस भोक आहे आणि त्यावर उचलायचं झाकण आहे. ते त्यांनी पाहिलं, ‘इथे नंतर काही बदल केलेला दिसतो’ असं वहीत लिहिलं आणि पुढे सरकल्या.

तो बदल नव्हे. घर बांधलं तेव्हाच ते भोक ठेवलेलं आहे. त्याच्या बरोब्बर वर, माडीच्या आढ्याच्या खालच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. पाणी रस्त्यावर आलं की कडीला कप्पी लावायची, दोर सोडायचा आणि खालची पोती एकेक करून वर ओढायची. जिन्यानं पन्नास किलोचं पोतं वर न्यायचं तर दोन गडी लागतात आणि जिना अडतो. भोकातून ओढलं तर खाली एक, वर एक, आणि जिना बायकापोरांना मोकळा. माझे सासरे दर वर्षी मृग लागला की त्या दोराला तेल लावून ठेवायचे. 26 जुलै 2005 च्या पुरात आम्ही साखर आणि तांदूळ असे वर घेतले, डाळी राहिल्या. 2021 ला आषाढी एकादशी 20 तारखेची होती, साबुदाणा-शेंगदाण्याचा उरलेला माल दुकानात पडून होता, आणि 22 च्या पहाटे पाणी आलं. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला उधाण. वरून घाटाचं पाणी, खालून भरतीचा रेटा. त्या दिवशी पाणी माडीच्या फळ्यांना लागलं आणि आम्ही त्याच झाकणावर जड पेटी ओढून ठेवली, कारण पाणी खालून झाकण उचलू पाहत होतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं असतं. पण बाईंचा विषय लाकूडकाम होता, पुराचा विषय भूगोलाच्या सरांकडे होता, आणि सर त्या वेळी नदीवर गेले होते.

दुकानाच्या पायरीचंही तसंच. मी आले तेव्हा रस्त्यावरून दुकानात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो, जुन्यावरच नवा थर पडतो. आज एकही पायरी चढावी लागत नाही, उलट चार बोटं खाली उतरावं लागतं. पथकाच्या पुस्तिकेत आमच्या उंबरठ्याचा छान फोटो आहे, खाली लिहिलंय ‘मूळ दगडी पायरी’. ती तिसरी पायरी आहे हो. पहिल्या दोन डांबराखाली आहेत. वाहतुकीच्या साहेबांनी रस्त्याची रुंदी मोजली होती, उंची मोजली असती तर हे त्यांनाच आधी कळलं असतं.

इतिहासाच्या सरांशी मात्र गप्पा रंगल्या. दाभोळहून खाडीनं गलबतं भरतीबरोबर वर यायची, गोवळकोटच्या धक्क्याला माल उतरायचा, तिथून बैलांवर आणि गाड्यांवर कुंभार्ली घाटानं कऱ्हाडकडे. घाटावरनं गूळ-मिरची खाली, इथून मीठ, नारळ, सुकी मासळी वर. हे ते फार गोडीनं सांगत होते. मी म्हटलं, सर, म्हणजे भरती जिथे दमते तिथे होड्या थांबल्या, होड्या थांबल्या तिथे पेठ बसली. आणि भरती जिथे दमते तिथेच वरून आलेलं आमच्या वाशिष्ठी नदीचं पाणी अडतं. पेठ ज्या कारणानं झाली त्याच कारणानं ती बुडते. ते हसले, म्हणाले, ‘हे भूगोलाच्या सरांना सांगा.’ दोघं एकाच गाडीतून आले होते!

(कोयना धरणाचं पाणी पोफळी-कोळकेवाडीच्या वीजकेंद्रांत वीज करून वाशिष्ठीत उतरतं, तोही या नदीच्या गणिताचा भाग आहे. त्यावरची भांडणं इथे काढत नाही, जागा पुरायची नाही.)

आता मुख्य गोष्ट. ती ना त्यांच्या पुस्तिकेत होती, ना नंतर सभागृहात पडद्यावर दाखवलेल्या नकाशांत. पाच जणांचे पाच नकाशे होते, पाचही देखणे. वारशाच्या नकाशात आमच्या आळीला केशरी रंग होता, म्हणजे जपण्याजोगी. पुराच्या नकाशात त्याच आळीवरून निळी रेषा गेली होती. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. जुनं अधिकृत घर पाडून बांधायचं तर नियम सांगतो, तळ लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटीमीटर वर घ्या. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही, 2021 मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लाल रेषा आमच्या दुकानात माझ्या डोक्यावरून जाते. त्याच्याही वर तळ न्यायचा म्हणजे खाली नुसते खांब आणि मोटारी, आणि दुकान वर. भुसारी दुकान एक मजला चढून कोण येणार? खेड्यातली म्हातारी पिशवी घेऊन वर चढेल? ओटा राहणार नाही. ओट्यावर बसून शिमग्याची पालखी बघायची, तिची ओटी भरायची, ते कुठे करायचं, मोटारींच्या मधे? त्या सण-उत्सववाल्या मुलानं पालखीवर अकरा पानं लिहिली आहेत, ओटा हा शब्द एकदाही आलेला नाही.

म्हणजे एका नकाशाप्रमाणे घर हलवू नका, दुसऱ्याप्रमाणे इथे राहूच नका. मधल्यामधे घराचं लाकूड कुजतंय. आमच्या शेजारच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि घर कुलूप लावून मुलाकडे गेले. या गाठीचं उत्तर एकट्या वास्तुरचनाकाराकडे नाही, एकट्या पाण्याच्या इंजिनिअरकडे नाही, कायदेवाल्याकडेही नाही. निरनिराळ्या विषयांची माणसं एकत्र आणायची ती यासाठीच ना? नुसते खांब मोजायला एकटा सुतारही पुरतो.

नातीनं मला सांगितलं की 2011 साली युनेस्कोनं जुन्या शहरांबद्दल एक शिफारस केली आहे. शहर म्हणजे नुसत्या जुन्या इमारती नव्हेत, जमिनीचा उतार, पाण्याच्या वाटा, लोकांच्या चालीरीती, धंदा, सगळं त्यात एकत्र धरायचं असं तीत आहे. मी म्हटलं, चांगलं आहे, युनेस्कोच्या पॅरिसला कळलंय. 2025 च्या जुलैत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे आपल्या किनाऱ्यावरचे किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हापासून ‘वारसा’ हा शब्द इकडे फार ऐकू येतो. अभिमान मलाही आहे. पण किल्ल्याला दुकान चालवायचं नसतं आणि किल्ल्याच्या मुलाला लग्नासाठी वेगळी खोली लागत नाही. आणि आमच्याकडे 1864 पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. 2005 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा तिथली पुस्तकं पाण्यात गेली, दोन्ही वेळा लोकांनी ते पुन्हा उभं केलं. मी तिथली सभासद आहे. शहर विकास, संस्कृती, वारसा यांची गाठ एका इमारतीत बघायची असेल तर तिथे जाऊन अर्धा तास बसावं.

नव्या पथकाला माझं सांगणं थोडकं आहे. तज्ज्ञांबरोबर एक गवंडी आणि एक सुतार घ्या, मजुरीवर नव्हे, मानधनावर, आणि त्यांचं नाव पुस्तिकेत इतरांच्या बरोबरीनं छापा. आमच्या गवंड्यानं 2021 नंतर मला दोन भिंती दाखवल्या होत्या. चुन्याचा गिलावा असलेली जांभ्याची भिंत दसऱ्यापर्यंत वाळली. तीच भिंत पुढे जिथे सिमेंटनं लिंपली होती तिथे शिमग्यातही हात लावला तर ओल लागत होती. हे त्याला कुठल्या पदवीनं शिकवलेलं नाही, पण दुरुस्तीचा नियम लिहिताना हे कुणी तरी सांगायला हवं.

आणि मे महिन्यात येऊ नका. मेमध्ये आमचं गाव फोटोसारखं दिसतं. आषाढात या, पुनवेच्या किंवा अवसेच्या आगेमागे, भरतीचं वेळापत्रक बघून. सगळे एकाच वेळी, एकाच घरात बसा आणि पाणी कुठून शिरतं ते बघा. मग हवे तेवढे नकाशे काढा. आमच्याकडे आलात तर पुढच्या दारानं नको, तिथे तळं असतं. मागच्या बोळातून या, जिना उजव्या हाताला आहे, चौथी पायरी हलते. चहा माडीवर होईल. झाकण उघडून दाखवीन, दोराला तेल लावलेलं असेल.

आपली,
बाजारपेठेतील एक वाचक, चिपळूण
(नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)